तांबूची धार आणि उजनीची पाखरं

बारामतीला पंधरा दिवसांसाठी म्हणून गेले आणि अडीच महिने राहून आले. चिपळूणला परतल्यावर शेजारणींनी विचारलं, "एवढं काय आहे हो तिथं बघायला?" विचारणाऱ्यांपैकी एकीनंही बारामती पाहिलेली नव्हती, म्हणून उत्तर सविस्तर लिहूनच द्यायचं ठरवलं.

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पर्जन्यछायेचा प्रदेश, कालवे, उसाचा पट्टा, धरणाचा फुगवटा, हे सगळं फळ्यावर इतक्या वेळा काढलं की आताही डोळे मिटून काढीन. प्रत्यक्ष मात्र यातलं काहीच पाहिलं नव्हतं. मुलं कधी विचारायची, "बाई, तुम्ही गेलाय का तिथं?" आणि मी खडूची धूळ झटकत पुढचा धडा काढायची. त्या गोष्टीची मला मनातून लाज वाटायची.

माझी लेक मुग्धा बारामतीच्या एका कॉलेजात शिकवते. गावाच्या कडेला जळोचीत तिनं एका शेतकरी कुटुंबाच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतलाय. ती सकाळी मैत्रिणीबरोबर कॉलेजात जाते आणि तिची छोटी गाडी दिवसभर अंगणात उभी असते. मी कुंभार्ली घाटात गाडी शिकलेली बाई. एवढे सरळ रस्ते आणि रिकामी गाडी बघून हात शिवशिवायला लागले. दुसऱ्याच दिवशी पाहायच्या ठिकाणांची यादी करून फ्रिजवर चिकटवली आणि किल्ली ताब्यात घेतली.

जळोची

खालच्या मजल्यावर घरमालक तात्या आणि त्यांची बायको शालन. मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी सासरी. तात्या म्हणजे भरघोस मिशा, पांढरी टोपी, चार एकर ऊस आणि कारखान्याच्या निवडणुकीवर ठाम मतं. शालन पन्नाशीची, काटक, तोंडानं फटकळ आणि हातानं उदार. पहिल्या आठवड्यातच आमची गट्टी जमली. आमच्याकडे कोकणात शेजारी दाराआडून बघतात आणि न विचारताच सगळं ओळखतात. इथं समोर येऊन विचारतात, "कुठं निघाला? कशापायी? जेवून जावा की." मला ही पद्धत फार आवडली.

"चल की माझ्याबरोबर," मी शालनला म्हणाले. "एकटीनं फिरण्यात काय मजा?"

"येती की," ती म्हणाली. "पर साडेचारच्या आत घरी सोडायचं. पाचला धार."

गोठ्यात चार गाई. तिघींची धार तात्या मशीननं काढतात. चौथी तांबू, नावाप्रमाणे तांबडी, गीर वळणाची आणि नखरेल. तिला मशीन चालत नाही, तात्या चालत नाहीत, कोणीच चालत नाही. जन्मल्यापासून शालनचाच हात. दुसरं कोणी खाली बसलं की पान्हा चोरते आणि वर लाथ मारते. बरं, एक वेळची धार चुकवावी तर कास दगडासारखी घट्ट होते, गाय तापानं फणफणते. आणि तांबूच्या आधी तिची आई होती, तीही असलीच.

"म्हणजे तू कधी मुक्कामाला कुठं गेलीच नाहीस?"

"लेकीच्या लग्नात अक्षता पडल्या, पोरीला गाडीत बसवलं आन् शालू सोडून धारंला बसली," शालन हसत म्हणाली. "पाच वाजता मी जगात कुठंच नसती, बाई. तांबूच्या खाली असती."

ती हसली, पण मला काही हसू आलं नाही. तेव्हापासून आमच्या सगळ्या सहली साडेचारच्या बेतानं व्हायला लागल्या.

सुपे

पहिली सहल सुप्याची. जळोचीहून निघताना दुतर्फा ऊस होता, पाटाला पाणी खळखळत होतं, आणि पाऊण तासात सगळं बदललं. ऊस संपला, जमीन पिवळी पडली, खुरटी झुडपं लागली. एकाच तालुक्यात पाणी पोचलेली आणि न पोचलेली जमीन एवढी वेगळी दिसते, हे मी बत्तीस वर्षं सांगत होते. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि गाडी कडेला लावून पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले.

मयुरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसतात असं वाचलं होतं. मी दुर्बीण लावून तासभर क्षितिज तपासलं. शालननं पदर डोक्यावर घेतला आणि साध्या डोळ्यांनी बोट दाखवलं, "ते काय, बाभळीखाली चार बसल्यात." खरंच होती. मातीच्या रंगाची, कानांची टोकं तेवढी हलत होती. मग एकदम उठली आणि उड्या मारत गेली. मी टाळ्या वाजवल्या. वनरक्षकानं माझ्याकडे रागानं बघितलं.

जवळच शालनच्या चुलत बहिणीचं शेत. तिथं हुरडा झाला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कोवळी ज्वारीची कणसं, हातावर चोळून फुंकून दिलेले हिरवे गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. आमच्याकडे पाहुण्याला ताट वाढून देतात, इथं सगळे एकाच विस्तवाभोवती बसून एकमेकांच्या हातावर दाणे घालतात. मी किती खाल्ला ते सांगत नाही. तीन वाजता शालन उठलीच. परतताना उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढं आला, मोठ्यानं गाणी लावून, आणि काही केल्या बाजू देईना. मी हॉर्न वाजवून थकले. शालन एकदा घड्याळ बघायची, एकदा ट्रॅक्टर. चार पस्तीसला अंगणात पोचलो तेव्हा तांबू दाव्याला हिसके देत हंबरत होती.

कुंभारगाव, भर दुपारी

यादीतलं सगळ्यात मोठं नाव भिगवणचं होतं. उजनी धरणाचा फुगवटा इंदापूर तालुक्यात भिगवणपर्यंत पसरलाय. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी हजारोंनी उतरतात. शालन माझ्याइतकीच उत्सुक. तिची मुलगी शाळेच्या सहलीत जाऊन आली होती आणि "आई, आभाळ लाल झालं," एवढं एकच वाक्य तिनं वर्षभर घोळवलं होतं. घरापासून गाडीनं तासाभराचा रस्ता. शालननं ते वाक्य पंधरा वर्षं जपलं होतं आणि पाखरं काही पाहिली नव्हती.

अकराला निघालो. वाटेत चिलापी खाल्ली. मी समुद्राकाठची, गोड्या पाण्यातल्या माशाला नाक मुरडायचं माझ्या रक्तातच. तव्यावरची लालभडक चिलापी आणि ज्वारीची पातळ भाकरी समोर आली आणि पहिल्या घासाला माझं नाक सरळ झालं. हे चिपळुणात कोणाला सांगू नका.

भिगवणजवळच्या कुंभारगावला होडीत बसलो तेव्हा एक वाजला होता. डोक्यावर ऊन, पाणी डोळ्यांना खुपेल असं चकाकत होतं. लांबवर, वाफेसारख्या धुरकट हवेत, पांढुरके ठिपके दिसत होते. होडीवाले संपतराव म्हणाले, "त्यो बगा, रोहित."

शालननं डोळे बारीक केले. "ही व्हय? असली पांढरी पाखरं आमच्या उसात पाणी सोडल्यावर बी येत्यात की."

"ती बगळं, वैनी. आन् ही आत्ता चिखलात मुंडी घालून खात्यात. पंख मिटल्यालं हायती म्हणून पांढरी दिसत्यात. संध्याकाळी साडेपाचला या. थवा उठतो, पंख उघडत्यात, मंग बगा लाल. होळीपातूर हायती. ऊन वाढलं की निघाली."

"साडेपाचला," शालन नुसतं म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती खिडकीतून मागं पाण्याकडं बघत होती. बरोबर साडेचारला तिनं पदर खोचला आणि बादली घेऊन गोठ्यात गेली. मी जिन्यावर उभी राहून तिची पाठ बघत होते आणि मला एकदम फार राग आला. तांबूचा, तात्यांचा, पाच वाजण्याचाच. शालनला ते आभाळ दाखवल्याशिवाय चिपळूणला जायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं. होळीला तीन आठवडे होते.

एक धुतलेलं पातळ

आता माझा पराक्रम ऐका. गोठ्याच्या खुंटीला शालनचं धारेचं पातळ लटकत असे. जुनं हिरवं, दुधाच्या डागांनी कडक झालेलं, वासाचं तर बोलूच नका. ती रोज धारेला तेवढंच नेसायची. एका दुपारी शालन शेतात गेली असताना मी चांगुलपणाच्या भरात ते काढलं, गरम पाण्यात भिजवलं, साबण घातला, वर मुग्धाचं सुगंधी द्रव टोपणभर ओतलं आणि वाळवून, घडी करून परत ठेवलं. केवढी खूश होईल, म्हटलं.

पाच वाजता गोठ्यातून बादली गडगडल्याचा आवाज आला. धावत खाली गेले. शालन शेणात बसलेली, बादली पालथी, आणि तांबू अनोळखी माणसाकडं बघावं तशी तिच्याकडं बघत होती.

"बाई," शालन शांतपणे म्हणाली, "पातळाला काय केलं तुमी?"

मी कबुली दिली. मग शालननं ते सुगंधी पातळ सोडलं, तांबूच्या पाठीवर, पोटाखाली, मानेवर खसाखसा घासलं, पुन्हा नेसली आणि खाली बसली. तांबूनं मान वळवून हुंगलं. जराशानं बादलीत धार वाजायला लागली. मी शरमेनं अर्धी झाले होते, पण डोक्यात मात्र वेगळंच सुरू झालं होतं.

"शालन! अगं तिला तुझा हात नकोच आहे. तिला हे पातळ हवंय!"

त्या रात्रीच्या जेवणाआधीच मी तात्यांना गाठलं. म्हटलं, "तात्या, एक संध्याकाळ पातळ नेसून तांबूखाली बसा. शालनला पाखरं दाखवून आणते."

तात्यांची मिशी थरथरली. "मी? पातळ? बाई, मी सोसायटीचा माजी चेअरमन हाय."

"गाय काय मतदान करणार आहे?"

"लोक काय म्हनतील?"

समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो होता. सोसायटीच्या मंडळींबरोबर तात्या काश्मीरला गेले होते, दहा दिवस. फोटोत तात्यांच्या अंगात काश्मिरी बायकांचा नक्षीचा झगा, कपाळावर चांदीची साखळी आणि हातात प्लास्टिकच्या फुलांची टोपली. मी नुसतं फोटोकडं बोट केलं. शालननं तोंडाला पदर लावला.

तात्यांनी मान वळवून फोटोकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "दहा दिस गेलो हुतो व्हय मी?"

"धा," शालन म्हणाली. "येताना अक्रोड आणलं हुतं."

तात्या उठून बाहेर गेले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं, त्यामुळे मीही पुढं ताणलं नाही. त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. मधल्या दिवसांत मी एकटीच नीरा नरसिंहपूरला जाऊन आले. इंदापूर तालुक्याचं टोक, नीरा आणि भीमा जिथं भेटतात ते. संगमावर पायऱ्या उतरून दोन्ही नद्यांच्या पाण्यात हात बुडवला. फळ्यावर मी ह्या दोन रेघा नेहमी जरा चुकीच्या कोनात काढायची, हेही तिथं समजलं. एवढं सुंदर ठिकाण, पण शालन बरोबर नव्हती म्हणून दर्शनातही मन लागेना.

होळीला चार दिवस राहिले असताना तात्या जिन्याखाली येऊन उभे राहिले. "बाई, खाली या. दार लावून घ्या. आन् हे बगा, ही गोष्ट ह्या गोठ्याच्या भाईर गेली न्हाय पायजे."

शालननं विजारीवरूनच त्यांना पातळ नेसवलं. डोक्यावरून पदर, मिशी पदरात. मी ओठ चावून उभी होते. तात्या खाली बसले. धार काढायचा हात त्यांना लहानपणापासूनचा होता, प्रश्न फक्त तांबूचा होता. तिनं मान वळवली, हुंगलं, पदराला जीभ लावली. तात्या म्हणाले, "हं, सोड आता." तांबूचे कान टवकारले आणि मागचा पाय उचलला गेला.

"आवं, मी आसं म्हनती व्हय?" शालन दाराआडून कुजबुजली. "मी म्हनती, सोड गं माजी बाय, सोड."

तात्यांनी आमच्या दोघींकडं एकदा जळजळीत पाहिलं. मग डोळे मिटले आणि शक्य तितक्या बारीक आवाजात म्हणाले, "सोड गं माजी बाय, सोड."

पाय खाली आला. आणि बादलीच्या बुडावर धार वाजली. एक, मग दुसरी, मग लयीत. शालननं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तात्यांनी वर बघितलं तर त्यांच्या डोळ्यांत पोरासारखा आनंद होता. "सोडला! सोडला की!" ते ओरडले, अर्थात त्याच बारीक आवाजात.

कुंभारगाव, संध्याकाळी

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो ते तीन वाजता. शालननं मुलीच्या लग्नातला शालू नेसला होता. होडीत शालू कशाला, असं मी विचारलं नाही. ती सारखा मोबाइल बघत होती. पाण्यावर गेल्यावर तर रेंजही गेली.

"लाथ मारली आसंल," ती म्हणाली. "मालक तापट हायती. बादली टाकून उठलं आसतील."

"गप्प बस आणि समोर बघ."

पाणी आता सोनेरी झालं होतं आणि वाऱ्यात गारवा होता. संपतरावांनी इंजिन बंद केलं, होडी नुसती तरंगत राहिली. समोर तेच पांढुरके ठिपके, पण आता पुष्कळ जवळ. लांब पाय, वाकड्या चोची, कुरकुर बोलणं. पावणेसहा झाले. काहीच होईना. मलाच धाकधूक वाटायला लागली, की एवढं रामायण घडवून पाखरं बसूनच राहिली तर?

मग कडेचं एक पाखरू पाण्यावर धावायला लागलं. त्याच्यामागं दुसरं. आणि एका क्षणात सगळा थवा पाण्यावरून धावत सुटला, आणि उठला. पंख उघडले. आतून लाल, टोकांना काळे. आमच्या डोक्यावरून गेले तेव्हा पंखांची सळसळ अंगावर आली. शालन उभी राहिली. होडी डुचमळली.

"वैनी, खाली बसा!" संपतराव ओरडले.

ती कशाला बसते! दोन्ही हात वर करून उभी होती. "बाई! आतनं लाल हायती! ही पाखरं आतनं लाल हायती!"

थवा एक मोठं वळण घेऊन मावळतीवरून परत आला, आणि खरंच, मुलीनं सांगितलं होतं तसं आभाळ लाल झालं. शालन हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि माझ्याही. मग तिनं सवयीनं घड्याळ पाहिलं.

"सहा वाजलं," ती म्हणाली. "आन् मी हितं हाय."

साडेसातला जळोचीला पोचलो. तात्या अंगणात खाटेवर बसले होते. हिरव्या पातळात. पदर कमरेला खोचलेला, टोपी डोक्यावर.

"आवं, हे आजून आंगावर?" शालन धावली.

"तुजी ती गाठ सुटंना," तात्या गुरगुरले. "डेअरीचं सेंटर बंद व्हायला आलं हुतं."

"मंग?"

"मंग काय. तसाच गेलो."

संध्याकाळच्या वेळी दूध घालायला अर्धी जळोची तिथं असते.

"लोक हसलं आसतील," शालन म्हणाली.

"हसलं की. लई हसलं." तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हनलं, हसा. मालकीण उजनीला गेलीया. आन् किटली काठोकाठ भरल्याली हाय." मग त्यांनी विचारलं, "उडाली का पाखरं?"

"उडाली," शालन म्हणाली, आणि त्यांच्याजवळ खाटेवर बसली.

मी वर निघून आले आणि यादीतलं भिगवण दोनदा खोडलं, एकदा माझ्या नावानं, एकदा शालनच्या.

परवा हे लिहायला बसले तेवढ्यात शालनचा फोन आला. चार दिवस चिपळूणला येतेय म्हणाली, समुद्र बघायला, मुक्कामाला. मी आनंदानं उडालेच. म्हटलं, तात्यांनाही घेऊन ये, त्यांना पापलेट खायला घालते.

"मालकास्नी कसं जमंल, बाई?" शालन म्हणाली. "त्यांची पाचला धार आसती."